४० चा कोट, ४२ चा कोट, की सरळ शिवून घ्यावा?

मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं तेव्हा एक गृहस्थ दोन कोट हातावर घेऊन आमच्या दुकानात आले. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच गडद निळ्या कापडाचे. एक ४० मापाचा, दुसरा ४२. कापडवाल्याने ओळखीवर दोन्ही घरी न्यायला दिले होते, जो नको तो दोन दिवसांत परत करायचा होता. ४० चा घातला की खांदे नेमके बसत, पण बटण लावलं की पोटावर ओढ येऊन कापडावर फुली उमटे. ४२ चं बटण आरामात लागे, पण खांद्याची कड जराशी बाहेर जाई आणि काखेपुढे उभा झोळ पडे. घरच्यांनी कौल ४२ ला दिला होता. "मोठा घ्या. मोठ्याचा लहान करता येतो, लहानाचा मोठा होत नाही."

परकर-पोलक्यापासून शाळेच्या गणवेशापर्यंत आपण हे वाक्य ऐकत आलो आहोत आणि तिथे ते खरंही आहे. कोटाला मात्र ते सरसकट लावलं की फसगत होते. माझ्या वडिलांनी आयुष्यभर कोट शिवले. माझ्याकडे आता नवे कोट कमी आणि तयार कोटांची दुरुस्ती जास्त येते. लग्नसराईत रोज एक तरी माणूस असा कोट घेऊन येतो, ज्याला "हे होणार नाही" असं सांगावं लागतं. बिल झालेलं असतं, खूणचिठ्ठी कापलेली असते, परतीचा दिवस उलटलेला असतो. हे सांगताना मला मनापासून वाईट वाटतं, कारण दुकानात पाच मिनिटं जास्त उभं राहिलं असतं तर ते टळलं असतं.

तेव्हा तुम्हीही दोन मापांच्या मध्ये अडकला असाल, किंवा तयार घ्यावा की शिवावा या विचारात असाल, तर तिन्ही वाटा शेजारी शेजारी ठेवून पाहू.

आधी खांदा

शर्ट म्हणजे एकेरी कापड. कोट म्हणजे थरांचं काम. बाहेरचं कापड, त्याला आकार देणारं आतलं कॅनव्हास किंवा चिकटवलेलं बुकरम, छातीचा तुकडा, खांद्याचं पॅड, आणि या सगळ्यावर अस्तर. हे सगळे थर खांद्यापाशी एकत्र येतात. कॉलरही तिथेच बसते, बाहीही तिथेच. म्हणून खांदा अर्धा इंच आत घ्यायचा म्हटलं की अस्तर उसवा, बाही काढा, पॅड काढा, मुंढा (बाही जोडण्यासाठी ठेवलेलं गोल भोक) नव्याने कापा, आणि मग तीच बाही या बदललेल्या मुंढ्यात बसवा. बाहीचा माथा मुंढ्यापेक्षा इंच-दीड इंच मोठा कापलेला असतो आणि ते जास्तीचं कापड वाफेने जिरवत गोलाई आणलेली असते. मुंढा बदलला की तो हिशेब चुकतो. कसलेला कारागीर प्रत्येक बाजूला पाव ते अर्धा इंच आत घेऊ शकतो, आणि त्या कामात त्याचा दिवस जातो. त्याहून जास्त घ्यायला मी तरी तयार होत नाही. खांदा बाहेर वाढवायचा असेल तर विषयच संपतो, कारण तिथे आत कापड नसतंच.

मी शिकाऊ असताना एका तयार कोटाचे खांदे दोन्हीकडून पाऊण-पाऊण इंच आत घेतले होते. कोट चिकटवलेल्या बुकरमचा होता. बाही बसवताना चार-पाच वेळा वाफ द्यावी लागली, आणि छातीच्या वरच्या बाजूला बुकरम सुटून कापडावर फुगे आले. ते पुन्हा बसले नाहीत. वडिलांनी गिऱ्हाइकाला कोटाची पूर्ण किंमत परत दिली आणि मला तो कोट महिनाभर खुंटीला लावून ठेवायला सांगितला.

आता आपले दोन कोट. ४० आणि ४२ मध्ये छातीचा फरक दोन इंचांचा असला, तरी खांद्याचा फरक साधारण अर्ध्या इंचाचा असतो, म्हणजे एका बाजूला पाव इंच. हे लक्षात घेतलं तर एक माप वर जाणं हा काही मोठा गुन्हा नाही. पाव इंच बऱ्याचदा पातळ पॅड घालून झाकला जातो. पण दोन मापं वर गेलात, पोटासाठी ४० चे ४४ केलेत, की खांदा एका बाजूला अर्धा इंच बाहेर जातो, बाहीच्या माथ्याखाली खळगा पडतो, आणि पाहणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नसलं तरी कोट उसना वाटतो.

तपासायची सोपी रीत अशी. कोट घालून भिंतीला बाजू करून उभे राहा, हात सरळ खाली सोडा आणि हळूहळू भिंतीकडे सरका. दंड आधी टेकला तर खांदा बरोबर. दंड टेकायच्या आत पॅड टेकलं तर खांदा मोठा. दुकानातल्या आरशापेक्षा या भिंतीवर भरवसा ठेवा.

खांद्याबाबत एक गोष्ट मात्र सहज होते. बहुतेक माणसांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा उतरता असतो. त्या बाजूला काखेकडून मानेकडे तिरपी चुणी पडते. पॅडखाली जरासा जास्तीचा थर दिला की ती जाते. एवढ्यासाठी चांगला कोट नाकारू नका.

पोट, आणि आतली माया

४० चा कोट म्हणजे अंगाची छाती ४० असणाऱ्याचा कोट. कोट स्वतः छातीला त्याहून चारेक इंच सैल असतो. सूटच्या जोडीत त्याच्याबरोबर येणारी पँट साधारण ३४ कंबरेची असते. हा सहा इंचांचा फरक कंपनीने गृहीत धरलेला असतो, स्लिम फिटमध्ये बहुधा त्याहूनही जास्त. पन्नाशीतल्या आपल्या माणसाची छाती ४० आणि पोटही ३९-४० असू शकतं. त्याच्यासाठी हा कोट कापलेलाच नाही. म्हणून पोट असेल तर आधी माप बदलू नका, काट बदला. स्लिम फिट ठेवून ४२ वर जाण्यापेक्षा त्याच ४० मध्ये रेग्युलर किंवा क्लासिक फिट मागा. निम्म्या लोकांचा प्रश्न तिथेच सुटतो, आणि विक्रेता ते आपणहून सांगेलच असं नाही.

तरीही ओढ राहिली, तर मग प्रश्न येतो मायेचा. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडलेलं असतं त्याला आपण माया म्हणतो. किती सुंदर शब्द आहे हा, आणि कोटात त्याचा अर्थ किती खरा! ज्याने माया सोडली त्याने तुमच्या पुढच्या दहा वर्षांचा विचार केला. पाठीच्या मधली शिवण आणि दोन बाजूंच्या शिवणी, या तिघींत मिळून चांगल्या कोटात दीड ते दोन इंच निघतात. स्वस्त कोटात टीप मारण्यापुरतं कापड असतं, पाव इंचही सुटत नाही.

अस्तर लावलेलं असताना हे दिसणार कसं? कोट उलटा करून पाठीच्या शिवणीवर अस्तरावरून बोट फिरवा. शिवणीच्या दोन्ही बाजूंना कापडाची जाड कड लागते. ती कड शिवणीपासून किती लांब संपते ते चाचपा. अर्ध्या-पाऊण इंचावर संपत असेल तर माया आहे. दुसरी खूण पँटमध्ये सापडते, कारण तिच्या आतल्या बाजूला अस्तर नसतं. मागच्या मधल्या शिवणीला कंबरेपाशी कापडाची रुंद पट्टी सोडलेली दिसली, तर त्याच कंपनीने कोटातही हात आखडला नसण्याची शक्यता बरीच.

माया असली तरी ती वापरता येईलच असं नाही. जुनी शिवण उसवली की तिथे सुयांच्या भोकांची आणि घडीची रेघ दिसते. लोकरीच्या कापडात ओला फडका आणि वाफ दिली की ती बहुधा मिटते. चकचकीत पॉलिएस्टर, मखमल, लिनन आणि फिक्या रंगांत ती राहते. कोट जुना, उन्हात फिरलेला असेल तर आतलं कापड गडद आणि बाहेरचं विटलेलं, अशी उभी पट्टीच निघते.

दुसरी एक छोटी युक्ती आहे, पुढचं बटण अर्धा इंच कडेकडे सरकवण्याची. काज हलवता येत नाही, बटण हलतं. पाव-अर्धा इंच ओढ असेल तर एवढ्याने भागतं.

आता ४२ कडे पाहू. पोटावर तो बसला, पण छातीत दोन इंच जास्तीचे आहेत. ते बाजूच्या शिवणीतून काढायचे तर काखेपर्यंत जावं लागतं, म्हणजे बाही खालून उसवावी लागते आणि मुंढ्याशी जुळवून घ्यावी लागते. दोन्ही बाजू मिळून इंचभर घेता येतं. पण समोरचा झोळ, लॅपेलच्या म्हणजे छातीवर दुमडलेल्या पट्टीच्या खालचा, त्याने पूर्ण जात नाही. समोरच्या भागात बुकरम आहे, खिसे आहेत, काज आहे. तिथे हात घालायला जागा नाही.

म्हणजे हिशेब असा झाला: ४० ला पोटावर वाढवणं हे माया असेल तर तासा-दोन तासांचं स्वच्छ काम आहे. ४२ ला छातीत आणि खांद्यात कमी करणं हे दीड दिवसाचं काम आहे आणि शेवटी मनासारखं होईलच याची हमी नाही. "मोठा घ्या, लहान करता येतो" हे वाक्य इथे उलटं पडतं.

ज्याची छाती मोठी आणि कंबर बारीक

व्यायाम करणाऱ्या मुलांचा प्रश्न याच्या उलट. छाती ४२, कंबर ३१. त्यांना मात्र मोठा घेऊन लहान करणं हाच मार्ग आहे, कारण खांदे आणि छाती बसलीच पाहिजेत. कोटाची कंबर दोन इंच आत घ्यायला काही अडचण नाही. तीन इंचांपर्यंत चांगला हात असेल तर जातं. त्यापुढे बाजूचे खिसे पाठीकडे सरकू लागतात, मागचे काप (पाठीला खाली ठेवलेल्या उभ्या चिरा) उघडे पडतात आणि कोटाचा खालचा घेर घागऱ्यासारखा पसरतो. चौकड्याच्या कापडात तर इंचभर घेतलं तरी पाठीच्या शिवणीवर चौकोन जुळेनासे होतात. शरीर असं असेल तर साधा, एकरंगी कपडा घ्या.

आणि पँट? ४२ च्या कोटाबरोबर ३६ ची पँट येते. ३६ ची ३१ होत नाही. दोन इंच, फार तर अडीच. त्याहून जास्त घेतलं की मागचे दोन खिसे एकमेकांना चिकटतात. या मुलांनी कोट आणि पँट वेगवेगळ्या मापांत देणारं दुकान शोधावं किंवा सरळ शिवून घ्यावं. माझं मत शिवून घ्यावं असंच आहे.

मुंढा: जो कोणी पाहत नाही

लोक आरशासमोर हात खाली सोडून उभे राहतात. मी त्यांना सांगतो, अक्षता टाकायला हात वर करतो तसा करा. सगळा कोट कानापर्यंत वर आला, कॉलर मान सोडून मागे गेली, तर मुंढा खोल आहे. तयार कोटाचा मुंढा मुद्दाम खोल कापलेला असतो, म्हणजे जास्तीत जास्त माणसांना तो घालता येतो. गंमत अशी की मुंढा जितका काखेजवळ, तितका हात मोकळा फिरतो. लोकांना वाटतं खोल म्हणजे ऐसपैस. प्रत्यक्षात खोल मुंढ्याच्या कोटात हात उचलला की बाही सगळ्या कोटाला सोबत ओढून नेते.

हा दोष दुरुस्त होत नाही. मुंढा खोल करता येतो, वर नेता येत नाही, कारण कापलेलं कापड परत येत नाही. ४२ चा मुंढा ४० पेक्षा थोडा मोठा असतोच, म्हणून या कसोटीवरही ४० पुढे. दोन वेगळ्या कंपन्यांचे कोट असतील तर ही एकच कसोटी निर्णय करून टाकते. ज्याला मांडवात सगळ्यांना हात जोडत, मिठ्या मारत, ताटं पुढे करत हिंडायचं आहे, त्याने ती चुकवू नये.

बाही आणि उंची

बाही हे तयार कोटातलं सगळ्यात सोपं काम. मनगटाशी शर्टाची कफ अर्धा इंच दिसावी एवढी ठेवतात. पण आधी बाहीची बटणं पाहा. काजं नुसती शिवून दाखवलेली असतील तर खालून हवी तेवढी कमी करता येते. काजं खरी, उघडणारी असतील तर खालून इंचभर कापलं की शेवटचं काज कडेला येऊन बसतं. मग बाही वरून, खांद्यापासून कमी करावी लागते, आणि ते पुन्हा मुंढ्याचं काम. महागड्या कोटात उघडणारी काजं असतात आणि लोक ती कौतुकाने दाखवतात. बाही बरोबर बसत असेल तरच ते कौतुक. वाढवायची असेल तर आत दुमडलेल्यातून पाऊण ते एक इंच मिळतो, जुन्या घडीची रेघ राहिली तर ती तुमची.

उंची एक इंचापर्यंत कमी करता येते. जास्त केली की खिसे आणि खालची कड जवळ येतात आणि कोटाचा तोल जातो, कारण बटणाची आणि खिशांची जागा हलत नाही. वाढवता जवळपास येतच नाही: मागे दुमड असली तरी समोरच्या गोलाईला कापड नसतं. बुटक्या माणसाने ४२ घेतला तर हाही भाग येतो, कारण माप वाढलं की उंचीही थोडी वाढते. परदेशात एकाच मापात आखूड, मध्यम आणि लांब अशा तीन उंचींचे कोट सर्रास मिळतात. आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत एकच उंची असते.

कॉलरखाली पाठीवर आडवी वळी पडत असेल तर कॉलर काढून जरा खाली बसवली की जाते. कॉलर मानेपासून मागे सुटत असेल तर ते कठीण, तुमच्या उभं राहण्याच्या ढबीवर अवलंबून. असा कोट शक्यतो घेऊ नका.

तिसरी वाट: शिवून घेणे

इथे मी शिंपी म्हणून माझ्या बाजूने बोलेन असं वाटेल, म्हणून आधी तोटे सांगतो. शिवलेला कोट अंगावर येईपर्यंत दिसत नाही. तयार कोट आरशात दिसतो, आवडला तर घ्या, नाही तर ठेवा. शिवताना तुम्ही माणसावर विश्वास टाकता. आणि गल्लीतला प्रत्येक टेलर कोट शिवत नाही. शर्ट-पँटचा उत्तम हात असलेलेही कोट बाहेरच्या कारखान्यात देतात. त्यात वाईट काही नाही, पण विचारा: माप कोण घेतं, कापतं कोण, शिवतं कोण, आणि कच्ची ट्रायल मिळेल का? पांढऱ्या धाव्या टाक्यांवर उभा केलेला, बाह्या नुसत्या अडकवलेला कोट अंगावर घालून बघायला मिळत असेल, तर शिवण्याचा अर्थ आहे. ट्रायल नाही, थेट तयार कोटच मिळेल म्हणत असतील, तर तुम्ही शिवलेल्याचे पैसे देऊन तयार कोटच घेताय, आणि तोही न पाहता.

वेळ हा दुसरा तोटा. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात आणि कोटवाल्यांची झोप जाते. कार्तिकात लग्न असेल तर कापड दसऱ्याच्या सुमारास टाकलेलं बरं. महिना ते दीड महिना आणि दोन ट्रायल, एवढं हातात नसेल तर मी स्वतः लोकांना तयार कोटाकडे पाठवतो. घाईत शिवलेला कोट हा तिन्ही पर्यायांतला सगळ्यात वाईट.

कापडाचं पाहा. दोन तुकड्यांच्या सूटला ५८ इंच पन्ह्याचं तीन ते सव्वातीन मीटर लागतं, नुसत्या कोटाला दोन मीटरच्या आसपास. अंग भारी असेल किंवा चौकडा जुळवायचा असेल तर जास्त. पुष्कळ घरांत आहेरात आलेला सूटपीस कपाटात पडून असतो. तो घेऊन येण्याआधी घरी मोजा. अडीच मीटरचा निघाला, तर त्यातून कोट होईल, पण पूर्ण सूट होणार नाही. आणि कापड मऊ, वाफेला दाद देणारं आहे का ते शिंप्याला दाखवा. फार प्लास्टिकसारखं कापड असेल तर त्यावर कोटाची मजुरी घालवू नये.

आता फायदे. उतरता खांदा, पुढे आलेलं पोट, वाकलेली पाठ, लांब हात, हे सगळं शिवलेल्या कोटात कापतानाच धरलं जातं. तयार कोटात आपण एखाद-दुसरा दोष झाकतो. मुंढा हवा तिथे येतो. बटणाची जागा तुमच्या पोटाच्या वर की खाली ते ठरवता येतं, जी तयार कोटात कधीच हलत नाही. आणि माया. ऑर्डर देताना एवढं सांगा: "बाजूला आणि पाठीला इंच-इंच माया सोडा." वडिलांनी शिवलेला एक कोट मी दोनदा सोडवून दिला आहे, माणूस तोच, पोट वाढत गेलेलं. आज त्याचा मुलगा तो घालतो आणि मी तो पुन्हा आत घेतला.

तयार आणि शिवलेला यांच्या मध्ये एक मार्ग आहे. मोठ्या ब्रँडांच्या दुकानांत मापं घेऊन कारखान्यात शिवून आणतात. ठाण्यात १९२५ मध्ये सुरू झालेल्या रेमंडसारख्या कंपन्यांची अशी सोय आहे. यात कंपनीचा मूळ काट घेऊन ठरावीक ठिकाणी कमी-जास्त केलं जातं. पोट, बाही, उंची यांना हे उत्तम. खांदे फारच वेगळे किंवा पाठ वाकलेली असेल तर हाताने कापणारा माणूसच हवा.

जोधपुरीबद्दल लोक विचारतात म्हणून दोन शब्द. गळ्यापर्यंत बंद कॉलर असल्याने मान बसणं सगळ्यात महत्त्वाचं, आणि गळ्याचं माप नंतर फारसं बदलत नाही. सगळी बटणं लावलेली असतात, त्यामुळे पोटावरची ओढ कोटापेक्षा जास्त दिसते. पोट असेल तर जोधपुरी शिवूनच घ्या.

एक कसोटी कापडाची

दोन तयार कोटांत निवड करताना खालच्या काजाजवळचं कापड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरा आणि हळूच ओढून वेगळं करा. मध्ये तिसरा सुटा थर हाताला लागला तर आत कॅनव्हास आहे. नुसते दोन जाड थर लागले तर बुकरम चिकटवलेलं आहे. चिकटवलेला कोट वाईट नसतो, दोन-चार समारंभांना पुरेसा होतो, पण त्यावर मोठी दुरुस्ती करू नये. वाफेने तो सुटतो. ज्या कोटाला फक्त बाही आणि कंबर एवढंच लागणार आहे, तो चिकटवलेला असला तरी चालेल.

आणि नवा कोट घातल्यावर पाठीच्या कापावरचा दोऱ्याचा फुलीटाका कापायला विसरू नका. बाहीवरची कंपनीची पट्टीही काढायची असते. दर लग्नात एक-दोन जण पट्टी आणि टाका दोन्ही तसेच मिरवतात, आणि मग काप बंद राहून बसताना कोट फाटतो.

त्या गृहस्थांना मी ४० ठेवायला सांगितलं. कापड लोकरीचं होतं, पाठीच्या शिवणीला बोटाला पाऊण इंचाची कड लागत होती. तिन्ही शिवणी सोडून सव्वा इंच काढलं, बटण पाव इंच सरकवलं, उजवा खांदा उतरता होता तिथे पॅडखाली एक थर दिला. बाही अर्धा इंच कमी केली. न्यायला आले तेव्हा मी त्यांना बटण लावायला सांगितलं. फुली गेली होती, बटणापाशी किंचित सावली पडत होती तेवढीच. मग अक्षता टाकायला हात वर करायला सांगितलं. कोट दोन बोटं वर गेला आणि हात खाली येताच जागेवर बसला. स्टुलावर बसण्याआधी त्यांनी आपणहून बटण सोडलं, आणि विचारलं, "आणि अजून पोट वाढलं तर?" मी त्यांना कोट उलटा करून दाखवला. पाठीच्या शिवणीत अजून अर्धा इंच शिल्लक होतं.